तालुक्याच्या गावात सायकल भाड्याची योजना: आखणी, दर, सुरुवात आणि देखभाल

विदर्भातल्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर सकाळी दहाच्या सुमाराला खेड्यांतून येणाऱ्या गाड्या रिकाम्या होतात. त्यातून उतरणाऱ्या माणसाला पुढे तहसील, बँक, कॉलेज, ग्रामीण रुग्णालय किंवा कृषी बाजार गाठायचा असतो. ही ठिकाणं स्टँडपासून दोन ते पाच किलोमीटरवर असतात. पायी गेलं तर ऊन लागतं, आणि ऑटो भरल्याशिवाय निघत नाही. हे मधलं अंतर भाड्याची सायकल भागवू शकते. वीस सायकलींची अशी योजना बचत गट, सायकल दुरुस्तीवाला, नगरपंचायत किंवा दोन-तीन तरुण मिळून चालवू शकतात. मात्र शहरातल्या योजनेचे दर आणि पद्धत जशीच्या तशी उचलली तर वर्षभरात सायकली भंगारात जातात. याचं कारण आधी समजून घ्या, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

शहरातला दर इथे का चालत नाही

पॅरिसची व्हेलिब ही भाड्याच्या सायकलींची योजना 15 जुलै 2007 ला सुरू झाली, लंडनची 30 जुलै 2010 ला. दोन्हीकडे वर्गणी भरली की पहिला अर्धा तास मोफत होता आणि त्यानंतर दर चढत जायचा. लंडनमध्ये सुरुवातीला दिवसाची वर्गणी 1 पौंड होती. त्यावर एक तासाला 1 पौंड, दोन तासांना 6, तीन तासांना 15 आणि पूर्ण चोवीस तासांना 50 पौंड लागत. माणसाने सायकल एका स्थानकावरून, म्हणजे सायकली लावायच्या ठरलेल्या जागेवरून घ्यावी, वीस मिनिटांत दुसऱ्या स्थानकावर लावावी आणि ती लगेच तिसऱ्याच्या हाती जावी, यासाठी हा दर बांधलेला होता. चारशे-पाचशे मीटरवर पुढचं स्थानक असेल तरच हे जमतं.

तालुक्याच्या गावात फेरीचा आकारच वेगळा असतो. माणूस स्टँडवरून सायकल घेतो, तहसीलला जातो, तिथे दोन तास थांबतो आणि परत स्टँडवर येतो. सायकल चालते अर्धा तास आणि उभी राहते दोन तास. दुसरं स्थानक नसतंच. इथे मिनिटांवर दर लावला तर रांगेत अडकलेल्या माणसाला दंड बसतो आणि तो पुन्हा येत नाही. पहिला अर्धा तास मोफत ठेवला तर त्याचा उपयोग फक्त स्टँडसमोर चकरा मारणाऱ्या पोरांना होतो. इथला दर टप्प्यांचाच हवा: दोन तास, अर्धा दिवस, पूर्ण दिवस.

मोबाइलवर उघडणाऱ्या कुलपाचाही मोह टाळा. डिसेंबर 2017 पासून पुण्यात स्थानकाविना, मोबाइलवर उघडणाऱ्या सायकली आल्या. थोड्याच काळात मोडतोड झालेल्या, नदी-नाल्यांच्या कडेला टाकलेल्या सायकली दिसू लागल्या आणि त्या सेवा बंद पडल्या. सायकल कुणाच्या ताब्यात आहे हे डोळ्यांनी पाहणारा माणूस जागेवर हवा. गावात तो स्वस्तात मिळतो आणि गावात त्याची ओळखही असते.

आधी फेऱ्या मोजा

सायकली घेण्याआधी चार दिवस मोजणी करा: एक साधा कामाचा दिवस, एक आठवडी बाजाराचा, एक शनिवार आणि एक पेरणी, वेचणी किंवा सोंगणीच्या घाईचा. सकाळी सात ते अकरा आणि दुपारी चार ते सात या वेळांत स्टँडवर वही घेऊन बसा. उतरणाऱ्या प्रत्येक दहाव्या माणसाला तीन गोष्टी विचारा: कुठे जायचं, कसं जाणार, जाऊन-येऊन किती पैसे लागतात. "सायकल मिळाली तर घ्याल का?" हा प्रश्न टाळा. त्याला सगळेच हो म्हणतात.

वहीतून दीड ते सहा किलोमीटरच्या फेऱ्या वेगळ्या काढा. दीडपेक्षा कमी असेल तर माणूस पायी जातो, सहापेक्षा जास्त असेल तर मे महिन्यात कुणी पायडल मारत नाही. पांदण रस्त्याच्या फेऱ्या सरळ वगळा, पावसाळ्यात तिथे सायकल खांद्यावर घ्यावी लागते. ज्या वाटेवर एसटीच जाते तिथेही जपून. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना तिकिटात 50 टक्के सवलत आहे, त्यामुळे त्या वाटेवर महिलांसाठी सायकल पैशात जिंकू शकत नाही, फक्त वेळेत जिंकते.

शाळकरी मुलींची संख्या पाहून हुरळून जाऊ नका. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात असलेल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं. ज्यांच्याकडे स्वतःची सायकल आहे त्या भाड्याने घेणार नाहीत. खरा गिऱ्हाईक बहुतेक वेळा कॉलेजचा मुलगा, कामासाठी आलेला शेतकरी, दवाखान्यात नातेवाईक असलेला माणूस आणि लांबून येऊन नोकरी करणारी अंगणवाडी किंवा आरोग्य सेविका असते.

या मोजणीत कामाच्या साध्या दिवशी योग्य अंतराच्या दीडशे फेऱ्यासुद्धा निघत नसतील तर वीस सायकली घेऊ नका. त्यातल्या पाच-सहा माणसांमागे एक जण सायकल घेईल इतकीच अपेक्षा धरावी.

जागा आणि परवानग्या

सायकलीला नोंदणी लागत नाही, चालवणाऱ्याला परवाना लागत नाही. मोटारसायकल भाड्याने देण्याच्या 1997 च्या योजनेचे नियमही सायकलीला लागू नाहीत. तरी काही कागद हवेतच. दुकान म्हणून नोंद करा. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना द्यावी लागते. लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी मोफत आहे आणि बँकेच्या कर्जाला ती कामी येते. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तोवर जीएसटीची नोंदणी लागत नाही. सायकल खरेदीवरचा जीएसटी मात्र द्यावा लागतो. तो 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, म्हणून दुकानदाराच्या जुन्या भावपत्रकावर विसंबू नका.

एसटी स्टँडच्या आवारात बसायचं तर महामंडळाची लेखी परवानगी लागते आणि ती मिळायला वेळ जातो. त्यापेक्षा स्टँडसमोरच्या चालू दुकानाशी बोला. सायकल दुरुस्तीचं दुकान मिळालं तर उत्तमच, नाहीतर झेरॉक्सचं किंवा किराण्याचं. रस्त्याच्या कडेला रांग लावायची असेल तर नगरपंचायतीकडून किंवा ग्रामपंचायतीकडून जागेचा ठराव करून घ्या. तोंडी होकारावर शेड बांधू नका, निवडणूक झाली की तो होकार बदलतो. वीस सायकलींना दाटीने लावायला साधारण सहा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद जागा पुरते, आणि वर छप्पर हवंच हवं. उन्हात उभ्या सायकलीचं टायर आणि वॉल्व्हचं रबर दोन उन्हाळ्यांत तडकतं.

सायकली कोणत्या घ्यायच्या

गिअर, शॉकअप आणि डिस्क ब्रेक यांपैकी काहीही नको. तालुक्यात दुरुस्त न होणारा प्रत्येक भाग सायकलीला पंधरा दिवस घरी बसवतो. साधी, लोखंडी, मजबूत कॅरिअरची आणि दोन पायांच्या स्टँडची सायकल घ्या. सगळ्यांचा टायर एकाच मापाचा ठेवा, म्हणजे दोन टायर आणि चार ट्यूब शिल्लक असल्या तरी वीस सायकली सांभाळता येतात.

वीसपैकी निम्म्या तरी आडव्या नळीविना, म्हणजे लेडीज सायकली असाव्यात. त्या पुरुषही चालवतात, मात्र आडव्या नळीची सायकल साडीतल्या बाईला चालवता येत नाही. लेडीज सायकलींना पूर्ण झाकणारं चेनकव्हर आणि मागच्या चाकाला साडीगार्ड हवाच. हे दोन भाग नंतर बसवू म्हणून राहिले की एखाद्या दिवशी चाकात पदर अडकतो, आणि त्या गावात पुन्हा बायका सायकल घेत नाहीत.

प्रत्येक सायकलीला घंटी, मागे लाल आणि पुढे पांढरं रिफ्लेक्टर, चाकांच्या आऱ्यांवर रिफ्लेक्टर आणि साखळीचं कुलूप बसवा. सगळ्या सायकली एकाच ठळक रंगात रंगवा. नारिंगी आणि पिवळा हे रंग दुरून ओळखू येतात, आणि चोराला तो रंग खरवडावा लागतो. मडगार्डवर मोठा नंबर टाका. पायडलच्या दांड्याखाली गोल नळीच्या तळाशी कारखान्याचा नंबर कोरलेला असतो, तो वहीत उतरवा. पोलिसात तक्रार द्यायची वेळ आली तर हाच नंबर विचारतात.

ई-सायकल सुरुवातीला नको. 250 वॅटपर्यंतच्या आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंतच्या ई-सायकलीला नोंदणी लागत नाही हे खरं आहे. पण तिची किंमत साध्या सायकलीच्या कितीतरी पट असते, आणि बॅटरी बिघडली तर तालुक्यात हात लावणारा सापडत नाही.

नवीन सायकल पहिल्या आठवड्यात

दुकानातून आलेली सायकल घाईत जोडलेली असते. ती थेट गिऱ्हाईकाच्या हाती देऊ नका. आधी दोन्ही चाकं उचलून फिरवा आणि रिम डावी-उजवीकडे हलते का ते ब्रेकच्या रबराकडे पाहून ठरवा. हलत असेल तर आरे सारखे करून घ्या. हॅण्डल, दोन्ही पायडल आणि चाकांचे छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) हाताने फिरवून पहा. खरखर लागली तर ग्रीस नाही किंवा कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारा शंकूच्या आकाराचा नट, जास्त आवळला आहे. सीटची नळी किमान सहा सेंटिमीटर आत आहे ना, तेही बघा.

आता कॉटर पिन. साध्या लोखंडी सायकलीत पायडलचा दांडा मधल्या एक्सलला एका उताराच्या पिनेने धरलेला असतो. पहिल्या चार-पाच दिवसांच्या वापरात ही पिन थोडी बसते आणि नट ढिला पडतो. गिऱ्हाईक म्हणतो, "पायडल मारताना खटका येते." त्या वेळी नुसता नट आवळून भागत नाही. दांड्याखाली लाकडाचा ठोकळा टेकवा, पिनेच्या जाड डोक्यावर हातोडीचे दोन-तीन नेमके ठोके द्या आणि मग नट आवळा. ठोका देताना खाली आधार नसेल तर तो मार छर्र्यांच्या वाटीवर जातो. खटक्यासकट सायकल महिनाभर चालवली तर पिन झिजते, दांड्याचं भोक अंडाकृती होतं, आणि वीस-तीस रुपयांच्या पिनेऐवजी अख्खा दांडा बदलावा लागतो. म्हणून पहिल्या आठवड्यानंतर सगळ्या सायकलींच्या पिना आणि नट एकदा आवळून घ्यायचे, हे योजनेच्या वेळापत्रकात लिहूनच ठेवा.

दर कसा काढायचा

खाली उदाहरणाचा हिशेब आहे. तुमच्या बाजारातले भाव टाकून तो पुन्हा मांडा.

सायकल 6,500 रुपये, कुलूप, रिफ्लेक्टर आणि रंग 500, म्हणजे एक सायकल 7,000. वीस सायकलींचे 1,40,000. पंप, नट आवळायचे पाने, सुरुवातीचे सुटे भाग आणि फलक 10,000. एकूण गुंतवणूक 1,50,000.

महिन्याचा खर्च असा येतो:

- घसारा, म्हणजे वापराने सायकलीची घटणारी किंमत: चार वर्षांनी सायकल हजाराला विकली जाईल असं धरलं तर 6,000 भागिले 48 महिने, म्हणजे 125 रुपये. वीस सायकलींचे 2,500.
- दुरुस्ती: वर्षाला टायर-ट्यूबची जोडी, ब्रेकची रबरं, पायडल, छर्रे-ग्रीस, महिन्याला एक पंक्चर आणि दोन वर्षांनी चेन-फ्रीव्हील. सायकलीमागे महिना 140, वीस सायकलींचे 2,800.
- जागेचं भाडं 1,500.
- वर्षाला एक सायकल जाईल या हिशेबाने राखीव 600.
- 12 टक्क्यांनी कर्जाचं व्याज, पहिल्या वर्षी 1,500.
- पावत्या, रजिस्टर, फोन 300.

बेरीज 9,200. यात माणसाचा पगार नाही, आणि बहुतेक योजना इथेच चुकतात. पूर्ण वेळ माणूस ठेवला तर त्याला किमान वेतन द्यावं लागतं, आणि वीस सायकलींच्या भाड्यातून ते निघत नाही. म्हणून दुकानदाराला भाड्यातला हिस्सा द्या. 30 टक्के ठरवले तर उरलेल्या 70 टक्क्यांतून 9,200 निघायला हवेत. 9,200 भागिले 0.7, म्हणजे महिन्याला साधारण 13,150 रुपये भाडं जमायला हवं. त्यातले जवळपास 3,950 दुकानदाराला जातात. चालू दुकानात बसून एवढे जास्तीचे मिळत असतील तर तो सायकलींकडे मनापासून बघतो.

आता 13,150 ला 26 दिवसांनी भागा: रोजचे 506 रुपये. वीसपैकी दोन सायकली नेहमी दुरुस्तीत असतात, रस्त्यावर अठराच. सरासरी भाडं 20 रुपये पडलं तर रोज 25 वेळा सायकल जायला हवी, म्हणजे दर सायकलीला 1.4 फेऱ्या. सरासरी 10 रुपये पडलं तर रोज 51 वेळा, दर सायकलीला 2.8 फेऱ्या. एक माणूस सायकल दोन-तीन तास ठेवतो, त्यामुळे दिवसाला पावणेतीन फेऱ्या तालुक्याच्या गावात होत नाहीत. दहा रुपयांचा सरसकट दर लोकांना आवडतो, पण तो योजना बुडवतो.

खालची मर्यादा खर्चाने ठरते, वरची मर्यादा ऑटोने. मोजणीच्या वहीत ऑटोचे जाऊन-येऊन 30 रुपये दिसत असतील तर अर्ध्या दिवसाची सायकल 20 ला खपते. ऑटो 20 घेत असेल तर 20 ची सायकल कुणी घेणार नाही. अशा गावात एक तर खर्च कमी करा, जागा फुकट मिळवा किंवा कर्जाऐवजी गटाची बचत वापरा, नाहीतर योजना करू नका. अनुदानाच्या भरवशावर खर्चाखालचा दर लावला तर अनुदान संपल्यावर तो वाढवता येत नाही.

या हिशेबात बसणारं दरपत्रक असं: दोन तासांपर्यंत 10, पाच तासांपर्यंत 20, संध्याकाळी सातपर्यंत 30, रात्री नेऊन सकाळी साडेआठपर्यंत परत 40. उशीर झाला तर पुढच्या टप्प्याचा दर घ्या, वेगळा दंड नको. दंडावरून भांडण होतं, पुढचा टप्पा लोक मुकाट्याने देतात. सुट्या पैशांची कटकट टाळायला सगळे दर दहाच्या पटीत ठेवा आणि क्यूआर कोड लावा.

मासिक पास: जपून

कॉलेजचा मुलगा ऑटोला महिन्याला 500-600 घालवतो, म्हणून 400 चा पास त्याला परवडतो. पण योजनेकडून बघा. रस्त्यावरच्या अठरा सायकलींनी मिळून 13,150 आणायचे आहेत, म्हणजे दर सायकलीने 730. पासवरची सायकल दिवसभर कॉलेजात उभी राहून 400 आणते.

सहा पास दिले तर 2,400 पक्के होतात. उरलेल्या बारा सायकलींनी 10,750 आणायचे, रोजचे 413, वीसच्या सरासरीने 21 फेऱ्या, दर सायकलीला पावणेदोन. हे जमतं. बारा पास दिले तर 4,800 येतात आणि उरलेल्या सहा सायकलींनी 8,350 आणायचे, रोज 16 फेऱ्या, दर सायकलीला 2.7. हे होत नाही, आणि सायकल मागायला आलेला माणूस रोज रिकाम्या हाताने परत जातो. पास अठरापैकी सहापुरते ठेवा आणि मागणी जास्त असेल तर प्रतीक्षा यादी लावा.

दोन पाळ्यांचा पास बसला तर गणित खूपच सुधारतं. सकाळच्या कॉलेजचा मुलगा बाराला सायकल परत आणतो आणि तीच सायकल दुपारच्या पाळीची आरोग्य सेविका नेते. दोघांना 300-300 चा पास दिला तरी सायकल 600 आणते.

देताना आणि घेताना

ओळखीच्या माणसाला सभासद करून घ्या: नाव, गाव, फोन, आणि गावातल्या एका ओळखणाऱ्याचं नाव. सभासदाकडून अनामत नको. अनोळखी माणसाकडून 200 रुपये अनामत घ्या. ओळखपत्र बघा, शेवटचे चार आकडे लिहा आणि परत द्या. मूळ आधार कार्ड ठेवून घेऊ नका, ते हरवलं तर त्याचा ताप सायकल हरवण्यापेक्षा मोठा असतो.

सायकल देताना चार गोष्टी गिऱ्हाईकासमोरच करा: दोन्ही टायर अंगठ्याने दाबा, दोन्ही ब्रेक धरून सायकल पुढे ढकला, घंटी वाजवा, कुलपाची किल्ली द्या. परत घेताना तेच, आणि रिमकडे एक नजर. यात अर्धं मिनिटही जात नाही, आणि "आधीच मोडलेली होती" हा वाद मिटतो. रजिस्टरमध्ये सायकल नंबर, नाव, जाण्याची वेळ, येण्याची वेळ, रक्कम आणि बिघाड एवढेच रकाने ठेवा. बिघाडाचा रकाना रिकामा ठेवू नका, काही नसेल तर "ठीक" लिहा.

नुकसान कुणाचं, हे फलकावर लिहून लावा. काट्याचं पंक्चर, तुटलेली चेन, झिजलेलं रबर योजनेकडे. वाकलेली रिम, मोडलेलं कॅरिअर, हरवलेली किल्ली गिऱ्हाईकाकडे. बाजाराच्या दिवशी कॅरिअरवर पन्नास किलोचं पोतं टाकलं जातं आणि मागचे आरे तुटतात. त्या दिवशी वीस किलोच्या वर ओझं नको, हे तोंडाने सांगायचं.

फुकट सायकल कुणालाही देऊ नका, सरपंचाला नाही, पोलिसालाही नाही. ज्यांना सवलत द्यायचीच आहे त्यांच्या नावाने पावती फाडा आणि पैसे गटाच्या खात्यातून भरा. मग महिन्याअखेरीला सवलत किती झाली हे आकड्यात दिसतं आणि बैठकीत त्यावर बोलता येतं.

काटे, चिखल आणि ऊन

आपल्याकडे पंक्चरचं मुख्य कारण बाभळीचा काटा आणि सराटे. जुनी ट्यूब लांबीत कापून तिची पट्टी नव्या ट्यूबच्या आणि टायरच्या मध्ये बसवा. सायकल थोडी जड चालते, पण पंक्चर निम्म्यावर येतात. पंक्चर काढताना बरेच जण ट्यूब पाण्यात बुडवतात, बुडबुडे पाहून पॅच लावतात आणि काटा टायरमध्येच ठेवतात. तासाभरात तिथेच दुसरं भोक पडतं. टायरच्या आतून बोट फिरवलं तर मोडलेलं टोक लागत नाही. त्यापेक्षा सरकीविना कापसाचा बोळा टायरच्या आतून सगळीकडे फिरवा. काट्याचं टोक कितीही बारीक असलं तरी कापसाचा तंतू त्याला अडकतो, आणि तिथे पकडीने काटा बाहेर काढता येतो.

काळ्या मातीचा चिखल मडगार्ड आणि टायरच्या मध्ये दाबून बसतो आणि चाक जागच्या जागी थांबतं. लोक ओढून सायकल चालवतात, मडगार्डची काडी वाकते आणि ती आऱ्यांत शिरते. पावसाळ्याआधी मडगार्ड वर घेऊन टायरपासून दोन बोटं अंतर ठेवा आणि दर सायकलीला एक बोथट काडी बांधून द्या. धुताना पाण्याचा झोत एक्सलवर मारू नका, ग्रीस निघून जातं आणि छर्रे गंजतात. ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक अर्धेच लागतात, हे पावसाळ्यात प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगा.

चेनला जळकं ऑइल लावू नका. ते धूळ धरतं, चेनच्या चकतीचे दात झिजवतं आणि साड्या-पायजमे काळे करतं. साधं मशीन ऑइल थेंब-थेंब लावून कापडाने पुसून घ्या, पावसाळ्यात आठवड्याला, एरवी पंधरवड्याला.

एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या वर गेला की वॉल्व्हची रबरी नळी मऊ पडते आणि हवा हळूहळू जाते. गिऱ्हाईक पंक्चर समजून सायकल सोडून देतो. या दोन महिन्यांत दर महिन्याला सगळ्या नळ्या बदला, ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे. दुपारी बारा ते चार भाडं नगण्य असतं, तेव्हा दुरुस्तीचं काम उरका.

सुरुवात कधी आणि कशी

विदर्भात शाळा-कॉलेजं जूनच्या अखेरीस उघडतात, पण तेव्हाच चिखल सुरू होतो. सुरुवातीला योग्य वेळ दिवाळीनंतरची, नोव्हेंबरची. रस्ते कोरडे असतात, हवा बरी असते, कापूस-सोयाबीनचे पैसे हातात असतात आणि उन्हाळा येईपर्यंत चार महिने मिळतात.

पहिला महिना आठच सायकली काढा आणि फक्त सभासदांना द्या. लंडननेही हेच केलं होतं. जुलैमध्ये योजना सुरू झाली ती नोंदणी केलेल्या सभासदांसाठी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सायकल मिळायला डिसेंबर उजाडला. ओळखीची माणसं चुका सांगतात आणि सायकल परत आणतात. दुसऱ्या महिन्यात चौदा, तिसऱ्यात वीस. उद्घाटनाच्या दिवशी मोफत फेऱ्या ठेवू नका. त्या दिवशी शंभर पोरं वीस सायकलींवर तुटून पडतात. त्याऐवजी उद्घाटनाला पास आणि सभासद कार्ड वाटा.

पर्यटनाच्या ठिकाणी दर वेगळा ठेवायला हरकत नाही. सेवाग्राम आश्रम, वर्ध्यातलं गीताई मंदिर, पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम, ही ठिकाणं एका दिवसात सायकलीने होतात. बाहेरून आलेला माणूस दिवसाचे 100 रुपये आनंदाने देतो. मात्र त्याला पाण्याची बाटली ठेवायची जाळी, नकाशाचा कागद आणि रस्त्यात पंक्चर झालं तर फोन करायचा नंबर द्यावा लागतो. पवनारकडे जाताना नागपूर रस्त्यावरची जड वाहनं लक्षात घेऊन पहाटे किंवा अंधारात सायकल देऊ नका. ताडोबा, पेंच किंवा नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांत तर सूर्य मावळायच्या तासभर आधी सगळ्या सायकली परत आल्याच पाहिजेत. पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्यालाही रात्रीचं भाडं देऊ नका, आणि जंगलाच्या कोणत्या वाटा बंद आहेत हे वनरक्षकाकडून दर हंगामात विचारून घ्या.

दर महिन्याच्या पाच तारखेला रजिस्टरमधून तीन आकडे काढा: दर सायकलीच्या रोजच्या फेऱ्या, सरासरी भाडं, आणि सायकल न मिळाल्याने परत गेलेली माणसं. तिसरा आकडा मिळावा म्हणून दुकानदाराला वहीच्या शेवटच्या पानावर रेघा मारायला सांगा. सलग तीन महिने फेऱ्या 1.8 च्या वर आणि रोज पाचपेक्षा जास्त माणसं परत जात असतील तर पाच सायकली वाढवा. फेऱ्या 1.2 च्या खाली असतील तर दर कमी करण्याआधी कमी चालणाऱ्या सायकली वेगळ्या काढून बघा. बहुतेक वेळा त्यांची सीट उंच असते, ब्रेक कडक असतो किंवा चेन आवाज करत असते, आणि लोक त्या टाळून दुसऱ्या मागत असतात.